लेकरं पोहण्याच्या क्लबात: आधी श्वास, मग शर्यत



एप्रिल लागला की आमच्या नागपूरच्या वस्त्यांत दोन प्रकारची मुलं दिसतात. एक, दुपारी आईचा डोळा चुकवून खदानीकडे नाहीतर कन्हानकडे पळणारी. दुसरी अलीकडची. पाठीला पिशवी, पिशवीत टॉवेल, पोहण्याचा चष्मा, रबरी टोपी, आणि भल्या पहाटे बापाच्या सायकलवर किंवा ऑटोत दाटीवाटीनं बसून स्विमिंग टँकला निघालेली. ही दुसरी मुलं वाढावीत असं आम्हाला मनापासून वाटतं. दवाखान्यातल्या नोकरीच्या वर्षांत पहिल्यांपैकी काहींना आम्ही स्ट्रेचरवर पाहिलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२१ या एका वर्षात जगात सुमारे ३ लाख माणसं बुडून मेली. त्यांतली जवळजवळ पाव हिस्सा पाच वर्षांखालची बालकं होती. लेकराला पोहायला शिकवणं हे लस टोचण्याइतकंच गरजेचं आहे, असं आम्ही बैठकांत सांगत असतो.

पण आज त्याच्या पुढचं बोलायचं आहे. उन्हाळी शिबिर संपतं आणि टँकवरचे सर म्हणतात, "पोरीत दम आहे, हिला स्पर्धेच्या बॅचला टाका." घरात आनंद होतो आणि पाठोपाठ प्रश्न सुरू होतात. सात वर्षांची आहे, झेपेल का? रोज दीड-दोन तास पाण्यात राहिली तर आजारी पडणार नाही ना? काळी पडली तर? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो: उन्हानं कातडी रापते, नंतर उतरते, आणि नाही उतरली तरी काही बिघडत नाही. बाकीचे प्रश्न मात्र रास्त आहेत.

घरात त्यांची उत्तरं द्यायला कुणी नसतं, यालाही कारण आहे. खेड्यातली पोरं विहिरीत पोहायला शिकत. पाठीला वाळका भोपळा किंवा पत्र्याचा बंद डबा बांधायचा आणि थोरल्या भावानं वरून ढकलून द्यायचं, ही शाळा. ज्या विहिरीवर आपल्या आजीला घागर भरता येत नव्हती तिथं तिचं पोरगं पोहायला कसं उतरणार? ओंजळभर पाण्याचा हक्क बजावायला १९२७ साली महाडला जावं लागलं, तिथं पोहण्याची गोष्ट कोण काढतो! नदीकाठची काही घरं सोडली तर ही विद्या आपल्याकडे बापाकडून लेकाला मिळालीच नाही. म्हणून टँकच्या कठड्याशी उभी असलेली आपली आई सर सांगतील त्यावर पूर्ण अवलंबून असते. तिला पाण्यात उतरायची गरज नाही, पण काय बघायचं ते तिला कळलं पाहिजे.

काठावरून काय बघायचं

पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट असतं. त्यामुळं पोहण्यात ताकदीपेक्षा अंगाची ठेवण महत्त्वाची. शरीर पाण्यावर फळीसारखं आडवं राहिलं तर थोड्या जोरात पुढं सरकतं. डोकं वर काढलं की कंबर आणि पाय खाली जातात, आणि मग पोरगं पाण्याशी मारामारी करत राहतं. काठावरच्या आयांना वाटतं, काय जोरात हात मारतो माझा लेक! पाणी जितकं उडतं तितका जोर वाया जात असतो.

पहिली खूण श्वासाची. नवं मूल तोंड पाण्यात घातलं की श्वास कोंडून धरतं आणि तोंड वर आलं की घाईघाईत आधी सोडायला, मग घ्यायला बघतं. दहा मीटरवर त्याचा दम संपतो आणि सगळे म्हणतात, स्टॅमिना नाही. स्टॅमिना असतो, पण श्वास सोडायची जागा चुकलेली असते. श्वास पाण्यातच, नाका-तोंडातून सावकाश बुडबुडे काढत सोडायचा. मग तोंड बाजूला वळल्यावर फक्त आत घ्यायचं काम उरतं. डोकं वर उचलायचं नाही, अंगाबरोबर बाजूला वळवायचं, एक कान पाण्यातच राहू द्यायचा. हे मुलाच्या अंगवळणी पडायला कित्येक आठवडे लागतात आणि ते आठवडे दिले पाहिजेत. बुडबुड्यांचा सराव घरी पसरट घमेल्यातही होतो, मोठं माणूस शेजारी असेल तर. सराव झाला की पाणी ओतून टाका. रांगतं बाळ बादलीभर पाण्यातही बुडतं.

दुसरी खूण पायांची. पाय मांडीपासून हलले पाहिजेत, गुडघे सायकल मारल्यासारखे वाकता कामा नयेत. फळी धरून नुसते पाय मारण्याचा कंटाळवाणा सराव याचसाठी असतो. "आठवडा झाला, अजून फळीच देतात" अशी तक्रार घेऊन सरांकडे जाऊ नका. उलट, जो क्लब लहान मुलांना फळी, तरंगणं आणि भिंतीला पाय लावून बाणासारखं सरकणं भरपूर करून घेतो तो आम्हाला जास्त भरवशाचा वाटतो.

तिसरी खूण मोजण्याची आहे आणि ती कोणत्याही आईला जमते. टँकची २५ मीटर लांबी मूल किती हात मारून पार करतं ते मोजा. डावा एक, उजवा दोन, असं. समजा आज ३० हात लागले आणि दोन महिन्यांनी तेवढ्याच वेळात २४ लागले, तर तुमचं लेकरू शिकतंय. तीस सेकंदांचे सत्तावीस झाले पण हात तीसचे अडतीस झाले, तर ते नुसतं दमतंय. सर घड्याळ बघतात, तुम्ही हात मोजा. शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर तारीख टाकून लिहून ठेवा.

फ्रीस्टाईल आणि पाठीवरचं पोहणं आधी शिकवतात. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लाय नंतर येतात, आणि पहिल्या स्पर्धेत मुलं रडतात ती बहुधा इथंच. या दोन प्रकारांत भिंतीला दोन्ही हात एकाच वेळी लागावे लागतात. एक हात आधी लागला की पंच बाद करतात, मग मूल पहिलं आलेलं असलं तरी. पाठीवर पोहताना भिंत दिसत नाही, म्हणून भिंतीच्या ५ मीटर अलीकडे टँकवर आडवी पताकांची दोरी बांधलेली असते. पताका दिसल्या की किती हातांनी भिंत येते हे मुलानं मोजून ठेवायचं असतं. ज्याला कुणी हे शिकवलं नाही त्याचं डोकं भिंतीवर आपटतं. प्रवेश घेण्याआधी टँकवर पताका बांधल्या आहेत का बघा. त्यावरूनही क्लब कळतो.

खांदा दुखणं ही शर्यतीची किंमत नाही

हिशेब करू. २५ मीटरला २४ हात धरले तर २ किलोमीटर पोहणारं मूल एका सकाळी १,९२० वेळा खांदा फिरवतं. हात डोक्याच्या मधल्या रेषेपलीकडे पडत असेल किंवा अंग न वळवता नुसता खांदा ओढला जात असेल, तर तीच चूक १,९२० वेळा होते. लहान मुलांची हाडं वाढत असतात, सांधे सैल असतात. खांद्याच्या शिरा सुजतात, आधी पोहल्यावर दुखतं, मग पोहताना दुखतं, शेवटी वेणी घालतानाही दुखतं.

वस्तीतल्या एका नऊ वर्षांच्या मुलीची आई रोज रात्री तिच्या खांद्याला बाम चोळत होती आणि सकाळी सरावाआधी दुखायची गोळी देत होती. सरांनी सांगितलं होतं, जिल्ह्याची स्पर्धा होऊ दे, मग आराम. क्लबचं नाव इथं घेत नाही, कारण असे सर एकाच क्लबात नसतात. आम्ही मुलीला सरकारी दवाखान्याच्या हाडांच्या ओपीडीत नेलं. डॉक्टरांनी सहा आठवडे हात बंद केले. त्या काळात ती फळीवर पाय मारत होती, बुडबुडे काढत होती आणि दुसऱ्या एका बाईंकडे हात कसा टाकायचा ते काठावर उभी राहून पहिल्यापासून शिकत होती. स्पर्धा हुकली. मुलगी आज पोहते. गोळी चालू राहिली असती तर पुढच्या वर्षी ती टँकवर दिसली नसती, असं आमचं स्पष्ट मत आहे. मुलाला दुखायची गोळी देऊन पाण्यात उतरवू नका. तळहाताला प्लास्टिकच्या पट्ट्या लावून पोहायला लावत असतील तर दहा वर्षांखालच्या मुलाला कशासाठी, हे विचारा. त्यानं खांद्यावरचा भार वाढतो.

किती सराव करायचा? क्रीडावैद्यकातले डॉक्टर एक सोपा ठोकताळा देतात: मुलाचं वय जितकी वर्षं, आठवड्याला फार तर तितके तास. आठ वर्षांच्या मुलाला आठवड्याला आठ तासांच्या वर नको, आणि आठवड्यातून निदान एक दिवस, दोन मिळाले तर उत्तम, पूर्ण सुट्टी. त्या दिवशी लंगडी, कबड्डी, गल्लीतलं क्रिकेट चालू द्या. एकाच खेळात लहानपणापासून जुंपलेली मुलं लवकर कंटाळतात आणि जास्त दुखावतात.

आणखी एक गोष्ट पदकांबद्दल. दहा-अकराच्या गटात जिंकणारी मुलं पुष्कळदा नुसती आधी वाढलेली असतात, उंची आणि ताकद लवकर आलेली. मागून येणारी चौदा-पंधराव्या वर्षी त्यांना गाठतात, तोवर ज्यांचं तंत्र पक्कं झालं ती पुढं जातात. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, ते आपल्या पोरांना मिळावं ही धडपड आम्हाला समजते. पण ते आठव्या वर्षाच्या पदकावर मिळत नाही. सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर सैन्यात होते, मुष्टियुद्ध खेळत. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलं, त्यानंतर उपचाराचा भाग म्हणून ते पोहण्याकडे वळले आणि १९७२ साली हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाईलचं सुवर्णपदक त्यांनी घेतलं. उशीर झाला म्हणून घाबरणाऱ्या बापांना आम्ही हे सांगतो.

पाण्यात उतरण्याआधी रक्त

विदर्भातल्या वाचकांनी हा भाग दोनदा वाचावा. आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत सिकलसेलचं प्रमाण जास्त आहे. हा जन्मजात, आईबापाकडून येणारा रक्ताचा दोष आहे. संसर्ग नाही, शापही नाही. ज्या मुलाला दोन्हीकडून दोष मिळाला त्याला आजार असतो. थंड पाणी, अंगातलं पाणी कमी होणं आणि अति दमणूक या तिन्ही गोष्टींनी त्याच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकून अडकतात आणि असह्य दुखणं सुरू होतं. पहाटेच्या टँकमध्ये या तिन्ही एकत्र असतात. अशा मुलाला स्पर्धेच्या बॅचला आम्ही पाठवणार नाही. हौसेचं पोहणं, कोमट उन्हात, थोडा वेळ, लगेच अंग पुसून, हे त्याच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. ज्याला दोष एकाच बाजूनं आला तो वाहक. तो बहुधा सर्व खेळ खेळू शकतो, पण सरांना ते माहीत हवं. त्यानं भरपूर पाणी प्यावं, आणि पाय-पाठ दुखू लागून धाप लागली तर "आणखी एक फेरी" म्हणून त्याला ढकलू नये.

तपासणी मोफत असते. आधी सोल्युबिलिटी टेस्ट, त्यात दोष दिसला तर पक्की तपासणी. जवळच्या शासकीय आरोग्य केंद्रात विचारा. त्याच वेळी हिमोग्लोबिन करून घ्या. ५ ते ११ वर्षांच्या मुलाचं ११.५ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे असं धरतात. अशा मुलाला दम लागतो आणि सर त्याला आळशी म्हणतात. शाळेत मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या, १० वर्षांखाली गुलाबी आणि त्यापुढं निळ्या, पोरं खिडकीतून फेकतात. त्या पोटात जातील असं बघा. जंताची गोळीही द्या.

फिट येणाऱ्या मुलानं डॉक्टरांच्या परवानगीनं पोहावं, पण हाताच्या अंतरावर त्याच्यासाठीच एक मोठं माणूस हवं. दम्याच्या मुलाचा पंप टँकच्या काठावर असला पाहिजे, घरी कपाटात नाही. आणि कान वाहणारी मुलं! वस्त्यांत ती फार आहेत. पडद्याला भोक असेल तर कानाच्या डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय उतरवू नका. चांगल्या कानाच्या मुलानंही पोहून आल्यावर मान एकेका बाजूला कलती करून पाणी काढावं आणि टॉवेलच्या टोकानं बाहेरचा कान पुसावा. काडी, पिन, गरम तेल काहीही आत घालू नका. कानाची पाळी ओढल्यावर दुखत असेल तर कानाच्या नळीत संसर्ग झालेला असतो. पोहणं बंद, दवाखाना.

टँकच्या पाण्याला उग्र वास आला की लोक म्हणतात, क्लोरीन भरपूर आहे, पाणी स्वच्छ. खरं उलटं असतं. घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीन मिसळून तो वास तयार होतो आणि त्यानंच डोळे चुरचुरतात, खोकला येतो. म्हणून उतरण्याआधी लघवी करून, साबणानं अंघोळ करून उतरायचं. जुलाब असतील त्या दिवशी नाही. खोल बाजूच्या तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसत नसेल तर त्या पाण्यात मूल उतरवू नका, फी भरलेली असली तरी.

खाण्यासाठी डबा-पावडरवर पैसे घालवू नका. जाण्याआधी तासभर एक केळं किंवा अर्धी पोळी. आल्यावर लगेच भिजवलेले चणे आणि गूळ, शेंगदाणे, उकडलेलं अंडं, मग वरण-भात. पाण्यातही घाम येतो, तो दिसत नाही इतकंच, म्हणून पाण्याची बाटली काठावर हवी. सगळ्यात अवघड आहे झोप. ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते. पहाटे पाचला उठायचं तर रात्री आठला आडवं व्हायला हवं, आणि एका खोलीच्या घरात तेव्हा टीव्ही चालू असतो, पाहुणे असतात, बाबा कामावरून यायचे असतात. यावर आमच्याकडे जादू नाही. काही घरांनी संध्याकाळची बॅच घेतली. एका घरात आजीनं साडेआठला टीव्ही बंद करायचा नियम केला आणि मालिकाही सोडली.

मुलींबद्दल. पाळी आली म्हणून पोहणं सुटू नये. ते चार दिवस पाण्यात उतरायचं की नाही ते मुलीनं ठरवावं, आणि नाही म्हटलं तर कारण न विचारणारे सर हवेत. कपडे बदलायची खोली आतून बंद होणारी हवी, आणि तिथं कुणी मोबाईल न्यायचा नाही. हात कसा टाकायचा हे दाखवायला सर खांद्याला, मनगटाला हात लावतात, ते सर्वांसमोर आणि सांगून असावं. मुलगा असो वा मुलगी, "मला त्या सरांकडे नाही जायचं" असं दोनदा म्हणाली की आळस समजू नका, बसवून विचारा. २०१२ च्या पोक्सो कायद्यात मुलं आणि मुली दोघांनाही संरक्षण आहे आणि १०९८ हा क्रमांक दिवसरात्र चालतो.

पोहता येणाऱ्या मुलांचा एक घातक खेळ असतो: पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो. भराभरा दहा-बारा श्वास घेऊन खाली बसतात. त्यानं श्वास घ्यायची हाक मेंदूला वेळेवर मिळत नाही आणि मूल आवाज न करता बेशुद्ध होतं, कंबरभर पाण्यातसुद्धा. हा खेळ घरातून बंद करा. आणि क्लबात पदक मिळवलेलं मूल खदानीत सुरक्षित आहे असं समजू नका. टँकमध्ये तळ दिसतो, कडेला धरायला पायरी असते. खदानीत कडा सरळ तुटलेली असते, खालचं पाणी गार असतं, गाळात पाय रुततो. कुणी बुडताना दिसलं तर उडी घेऊ नये, दोर, ओढणी, झाकण लावलेला रिकामा कॅन फेकावा. बाहेर काढलेल्याला उलटं टांगू नका, पोट दाबू नका. श्वास नसेल तर आधी तोंडानं श्वास द्या, मग छाती दाबायला लागा, आणि कुणाला तरी १०८ लावायला सांगा.

क्लबात नाव घालताना सहसा जन्मदाखला, आधार, फोटो आणि डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट मागतात. सर्टिफिकेट वीस रुपयांत न तपासता लिहून देणारे भेटतात. त्यांच्याकडून घेऊ नका. छातीला नळी लावून, कान बघून, सिकलसेलचा कागद वाचून देणाऱ्या सरकारी डॉक्टरांकडून घ्या. जन्मदाखल्यावर वय कमी करून आणायचा सल्ला कुणी देईल, कारण गट जन्मतारखेवर ठरतो. वयाची शंका आली तर मनगटाचा एक्स-रे काढायला लावतात. त्यात खोटं निघालं तर बंदी मुलावर येते, सल्ला देणाऱ्यावर नाही. वर्षभराची फी एकदम भरण्याआधी एका महिन्याची भरा, आणि त्या महिन्यात आठवड्यातून एकदा तरी कठड्याशी उभं राहून हात मोजा.